डाग नसलेली काच

॥ श्री ॥
मांजरी, पुणे
९ जानेवारी २०२५

ती. दुर्गाताईंना वेणूचा नमस्कार.

फोनवर मी बोलते आणि तुम्ही "बरं, बरं" म्हणता, म्हणजे तुम्हाला काहीच ऐकू आलेलं नसतं, हे आता मला कळायला लागलंय. तेव्हा पत्रच बरं. पत्राला कानाचं मशीन लागत नाही.

वास्तुशांतीला तुम्ही तापामुळं आला नाहीत. तुमचे भाऊ दिवसभर दाराकडं बघत होते. जेवलेही कमी. म्हणून घर तुम्हाला कागदावर दाखवते.

सातवा मजला आहे. योगेशनं कर्ज काढलंय, ते तो आणि नम्रता फेडतील, मला त्यात विचारत नाहीत. मी आपला घरखर्च लिहिते. हॉलला पूर्वेची भली मोठी खिडकी आहे. खिडकी कसली, दारच ते! माझ्या घोट्यापासून सुरू होते ती पार वर. खाली उसाची शेतं आणि त्यांच्यातून उगवलेल्या इमारती. सकाळी सूर्य थेट घरात येतो. गावाकडं सूर्याला पाणी द्यायला अंगणात जात होते, इथं तोच भेटायला येतो.

एक मात्र मनाला लागलं. संक्रांतीची स्वच्छता काढली, काचा पुसायला घेतल्या, तर काचेच्या कोपऱ्यात बारीक काहीतरी छापलेलं. लिंबू चोळलं, सोडा चोळला, नखानं खरवडलं, जाईना. शिवाय तिरपं उभं राहून बघितलं की समोरची इमारत त्या काचेत पाण्यात हलल्यासारखी दिसते. मी योगेशला म्हटलं, "अरे, सेकंडचा माल दिला की तुला." तो म्हणाला, "आई, असतं तसं. तू घासू नको, बस बरं."

हॉलच्या खिडकीला दोन काचा आहेत. डावीला तोच डाग. उजवी मात्र निर्मळ! ना छाप, ना लाट. घरभर शोधून एवढी एकच निष्कलंक काच सापडली. आपल्यात अक्षतेला तुकडा तांदूळ चालत नाही, ओटीला तडकलेला नारळ चालत नाही, मग देवाजवळ डागाची काच कशी चालेल? म्हणून देव्हारा त्या उजव्या काचेशी मांडला. बाजू पूर्वेची निघाली, गुरुजीही खूश झाले. स्पृहाची खेळायची सतरंजीही तिथंच घातली आहे. नात माझी आता धरून उभी राहते.

तिचं बोरन्हाण रथसप्तमीला संध्याकाळी करायचं ठरलंय. तिला त्या काचेसमोर बसवायचं, पाठीमागं आकाश. इमारतीतली सगळी पोरं येतील. तुम्ही यायचंच आहे.

तुमची,
वेणू

॥ श्री ॥
विश्रांतवाडी
१५ जानेवारी २०२५

चि. वेणूस अनेक आशीर्वाद.

सोबत तिळगूळ पाठवला आहे. गोड बोलायची सक्ती नाही, मलाही जमत नाही.

तुझं पत्र सूनबाईनं, म्हणजे ऋतुजानं, पेटीतून आणून दिलं आणि मी दोनदा वाचलं. घर छान असणार. माझ्या भावाला म्हणावं, जेवण कमी करायला वाव आहेच, माझ्या नावावर खपवू नकोस.

तुझ्या त्या डागावरून एक आठवलं. आमच्या मजल्यावर एक बाई राहतात. दिवाळीनंतर एके दुपारी त्या बाल्कनीच्या सरकत्या दाराशी तांदूळ निवडत बसल्या होत्या, आणि दाराची अख्खी काच आपोआप फुटली. कुणी दगड मारला नाही, वारा नव्हता. माणसाएवढी काच. फुटली म्हणजे कशी, तर सगळीच्या सगळी खडीसाखर झाली आणि खाली आली. बाईंच्या कपाळावर दोन ओरखडे, बाकी काही नाही. केस झटकले, पदर झटकला, उठल्या.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आप्पासाहेब. ते सहसा पार्किंगवरून भांडण्यासाठीच वर येतात, पण त्या दिवशी त्यांनी कामाचं सांगितलं. म्हणाले, ही टफन्ड काच असते. फार मजबूत असते, आणि कधी फुटलीच तर अशीच फुटावी म्हणून ती तशी बनवतात. साधी काच असती तर तिचे सुरे झाले असते. ओळखायची कशी, तर कोपऱ्यात कायमची छाप असते. जात नाही ती.

तर वेणू, तू ज्याला लिंबू चोळत बसलीस, तिथं काय लिहिलंय ते एकदा वाचून कळव. आणि त्या निर्मळ काचेला कुठं काहीच नाही ना, तेही नीट बघ. मला आपलं विचारावंसं वाटलं.

तुझी,
दुर्गाताई

॥ श्री ॥
मांजरी
१९ जानेवारी २०२५

ती. दुर्गाताईंना नमस्कार.

तिळगूळ पोचला. वड्या कडक झाल्यात, पण त्याही आवडीनं खाल्ल्या.

तुमच्या शेजारच्या बाईंचं वाचून वाईट वाटलं. पण ताई, रागावू नका, जी काच कुणी हात न लावता फुटते तिचं कौतुक कसलं? नवीन घरात काच फुटणं आपण शुभ मानत नाही. आणि फुटणं हाच जिचा गुण, ती काच मी देवाशेजारी ठेवू?

तुम्ही सांगितलंत म्हणून नम्रतानं मोबाईलमध्ये मोठं करून वाचलं. कंपनीचं नाव, आय.एस. म्हणून काही आकडे आणि पुढं इंग्रजीत "टफन्ड". चारी खोल्यांतल्या काचांना आहे. उजव्या काचेला नाही. चारही कोपरे बघितले. योगेश म्हणाला, "छाप फ्रेममध्ये दबली असेल." त्यानं बिल्डरचा कागदही काढून दाखवला. त्यात छापलंय की सगळ्या खिडक्या टफन्ड आहेत. छापील आहे, सहीही आहे.

तुमचे भाऊ म्हणाले, "त्यात काय, नाण्यानं ठोकून बघू." मी त्यांना तिथून उठवलं.

तुम्ही उगाच काळजी करता. उलट त्या काचेशी स्पृहाचं छान जमलंय. मी पूजेला बसले की ती रांगत येते, काचेला दोन्ही हात लावून उभी राहते आणि माझ्या हातातली पळी ओढून घेऊन काचेवर वाजवते. टण टण! माझी घंटा एकीकडं, तिची एकीकडं. आता मला घंटा वाजवायचीही गरज राहिलेली नाही. शेजारच्या मथुराबाई म्हणाल्या, "पोरगी देवभोळी निघणार, आजीवर गेलीय."

रथसप्तमीची तयारी सुरू आहे. हलव्याचे दागिने मी घरीच करतेय. काळं झबलं शिवून झालं.

तुमची,
वेणू

॥ श्री ॥
विश्रांतवाडी
२१ जानेवारी २०२५

चि. वेणू,

तुझं पत्र आज मिळालं आणि आजच उत्तर लिहिते. ऋतुजा कुरियरनं पाठवते आहे. टपालावर माझा विश्वास आहे, पण या वेळी घाई आहे.

आधी एक सांगते. ती शेजारची बाई मीच.

तुझ्या नवऱ्याला कळलं असतं तर तो रिक्षा करून आला असता आणि मला गाठोड्यासारखं उचलून मांजरीला नेलं असतं. म्हणून लपवलं. आता लपवून चालत नाही.

मला ऐकू येत नाही, तू जाणतेस. ती काच फुटली तेव्हा बंदुकीसारखा आवाज झाला म्हणे. खालचे वॉचमन पळत वर आले. मला काहीच कळलं नाही. मी सुपात मान घालून खडे वेचत होते आणि अंगावर काहीतरी पडायला लागलं. डोक्यावर, खांद्यावर, मांडीत, सुपात. वेणू, मला वाटलं, कुणी मागून येऊन माझ्यावर अक्षता टाकतंय. या वयात कोण माझं लग्न लावतंय म्हणून वळून बघितलं, तर दाराला काच नाही. नुसती चौकट उभी होती. आणि मी त्या चकाकणाऱ्या दाण्यांत बसलेली. ओंजळ भरून घेतले, बोटाला चीरसुद्धा नाही. माणसाएवढी काच माझ्या डोक्यावर कोसळली होती, आणि मी निवडलेल्या तांदळाची काळजी करत होते. तशी किती तरी वेळ बसून राहिले. देवानं काचेलाही दयाबुद्धी दिली, एवढंच मनात येत होतं.

आता तुझी ती निष्कलंक काच. तिला ही बुद्धी नसेल तर? पळीनं टण टण वाजवताना ती फुटली तर तिचे दाणे होणार नाहीत. पाती होतील.

ऋतुजानं इंटरनेटवर शोधून सांगितलं ते लिहिते. छाप कधी कधी फ्रेममध्ये दबते, योगेश म्हणतो ते खोटं नाही. पण आणखी एक उपाय आहे. सोबत ऋतुजाचा गाडी चालवायचा गॉगल आहे, पोलराइज्ड म्हणतात तो. साधा गॉगल चालत नाही. आकाश निळं असताना, दुपारी बाराच्या सुमारास, तो लावून काचेतून आकाशाकडं बघायचं आणि मान जरा तिरपी करायची. आधी छाप असलेल्या काचेतून बघ, म्हणजे काय दिसायला हवं ते कळेल. मग दुसरीतून. ठोकायचं नाही, ओरखडायचं नाही. माझ्या भावाच्या खिशातली नाणी काढून घे.

देव हलवता येत नाही म्हणशील, मला ठाऊक आहे. तर पोर हलव. पोर हलत नसेल तर तू हल. पूजा दुसरीकडं बसून कर, ती तुझ्यामागं येईल.

दुर्गाताई

॥ श्री ॥
मांजरी
२५ जानेवारी २०२५

ती. दुर्गाताई,

तुमचं पत्र वाचून मी आधी रडले. मग ह्यांना वाचून दाखवलं. ते रिक्षा करायला निघालेच होते, मी अडवलं. म्हटलं, ताई सुखरूप आहेत, आता त्यांनी सांगितलं ते करू.

पहिल्या दिवशी मी चूक केली. पूजा झाल्या झाल्या गॉगल लावला. समोर सूर्य. कुठल्याच काचेत काही दिसलं नाही. योगेश नेमका ऑफिसला निघाला होता. "आई, बाजारात चाललीस की शूटिंगला?" म्हणाला. मला वाटलं, सगळं थोतांड आहे. पण तुम्ही दुपार लिहिली होती आणि मी सकाळ केली होती, हे वरणाला फोडणी देताना ध्यानात आलं.

मग बारा वाजता पुन्हा उभी राहिले. हे जेवत होते. आकाश स्वच्छ निळं होतं. डाव्या काचेतून बघितलं, जिला डाग आहे म्हणून मी एवढे दिवस नावं ठेवत होते.

ताई, कसं लिहू? त्या काचेत ठिपके होते. ओळींनी, एकाखाली एक, काळसर निळे. चितळाच्या पाठीवर असतात ना, तसे. मान तिरपी केली की गडद व्हायचे, सरळ केली की विरून जायचे. गॉगल काढला, नुसतं आकाश. लावला, पुन्हा ठिपके. मी किती वेळा काढला आणि लावला याचा हिशेब नाही. हे म्हणाले, "अगं, भात वाढतेस का?" भात तसाच राहिला. रोज जिच्यातून मी आरपार बघत होते, तिच्या अंगावर एवढी रांगोळी काढलेली होती आणि मला दिसत नव्हती.

ऋतुजाला मी संध्याकाळी नम्रताच्या फोनवरून विचारलं. ती म्हणाली, "मामी, ही काच भट्टीत लाल होईपर्यंत तापवतात आणि मग तिच्यावर ओळीनं लावलेल्या नळ्यांमधून गार वारा सोडतात. जिथं जिथं तो वारा लागला, त्याचे ते ठिपके." म्हणजे ताई, आगीतून आणि गारठ्यातून गेल्याची खूण आहे ती. जन्मभर अंगात राहते. मी ती लिंबानं पुसायला निघाले होते.

मग मी उजवीकडं बघितलं. उजव्या काचेत काहीच नव्हतं. कोरं आकाश.

आणि त्या कोऱ्या आकाशासमोर स्पृहा उभी होती. दोन्ही तळवे काचेवर, नाक चेपलेलं, हातात पळी.

मी धावले नाही. धावले असते तर ती दचकून काचेवरच रेलली असती. ह्यांनाही हातानंच "उठू नका" म्हटलं. खाली बसले आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं, "ये गं बाई, वरणभात खायचा ना?" तिनं मागं बघितलं. एकदा पळी वाजवली. मग बसली आणि रांगत रांगत माझ्याकडं आली.

तिला ह्यांच्या मांडीवर दिलं आणि त्याच पावली देव उचलले. मुहूर्त बघितला नाही, गुरुजींना विचारलं नाही. सगळे टाक आणि बाळकृष्ण ताम्हणात घेतले आणि स्वयंपाकघरात ओट्याशेजारी ठेवले. म्हटलं, "रागावू नका, पोरगी तुमच्याच ओढीनं तिकडं जाते. आता तुम्हीच इकडं या."

योगेशला अजून पटलेलं नाही. तो म्हणतो, गॉगलवरून बिल्डरशी कसं भांडू?

तुमची,
वेणू

विश्रांतवाडी
२ फेब्रुवारी २०२५

चि. वेणू,

आठवडा झाला, पत्र नाही. ऋतुजानं योगेशला फोन केला तर तो म्हणाला, "सगळं ठीक आहे." पुरुष आग लागली तरी हेच म्हणतात.

रथसप्तमी मंगळवारी आहे. बोरन्हाणाला पोरं लोळणार, बोरं लुटणार, एकमेकांना ढकलणार. त्या काचेसमोर करणार असाल तर मी येणार नाही, आणि तसं केल्यावर पुन्हा माझ्या घरचा तिळगूळ खायचा नाही.

एका ओळीचं तरी कळव. पोरगी कशी आहे?

दुर्गाताई

॥ श्री ॥
मांजरी
५ फेब्रुवारी २०२५

ती. दुर्गाताईंना वेणूचा साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र काल सकाळी मिळालं. काल तुम्ही आला नाहीत. का, ते कळलं, आणि तुमचंच बरोबर होतं, कारण मी कळवलंच नव्हतं. घरात एवढी गडबड होती की लिहायला बसले की कुणीतरी दार वाजवायचं. आता सगळं सांगते.

योगेशला पटलं नव्हतं. पण सव्वीस जानेवारीला सुट्टी होती, नम्रता घरी. दुपारी तिनं गॉगल लावून आधी डावी काच बघितली, मग उजवी. दिवाण ओढला आणि उजव्या काचेला आडवा लावला. योगेश म्हणाला, "अगं, कागद आहे ना आपल्याकडं." ती म्हणाली, "मग कागद लाव खिडकीला." तेव्हा त्यानं गॉगल हातात घेतला. घालून दोन्ही काचांतून बघितलं. वळला तेव्हा त्याचा चेहरा लहानपणी तापात असायचा तसा दिसत होता. मला म्हणाला, "आई, मी तुला हसलो." मी म्हटलं, "हसलास तर हसलास, आता फोन लाव."

बिल्डरचा माणूस दोन दिवसांनी आला. बोटानं टकटक केली आणि म्हणाला, "मावशी, टफन्डच आहे, छाप फ्रेमखाली गेलीय." नम्रता म्हणाली, "मग फ्रेम काढा." काढली. छाप नव्हती. मी त्याच्या हातात गॉगल दिला. त्यानं दोन्ही काचांतून बघितलं, खाली ठेवला आणि खरं ते सांगितलं. बसवताना उजवी काच फुटली होती, ताबा द्यायची तारीख जवळ आली होती, म्हणून साधी काच घालून वेळ निभावली. पुढं बदलू म्हणाले, राहून गेलं. त्याच्या घरी लहान मूल आहे का, असं मला विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. त्याचं त्यालाच कळलं असावं, कारण माप त्यानं तीनदा घेतलं.

माप नीट घ्यावं लागतं, कारण ही काच आधी कापायची आणि मग भट्टीत घालायची. एकदा भट्टीतून निघाली की तिला कुणी कापू शकत नाही. आमची जुनी काच मात्र लिफ्टमध्ये मावेना, तर त्यांनी तिथंच कटर फिरवला आणि दोन तुकडे केले. निमूट कापली गेली. एका तुकड्याचा कोपरा चौकटीला लागून फुटला. विळ्याच्या पात्याएवढी लांब धार सुटून सतरंजीच्या जागी आडवी पडली. मी घरातली दोरीसुद्धा टाकत नाही, तुम्ही मला त्यावरून चिडवता. पण त्या काचा घेऊन जा, असं मीच म्हटलं. देवांच्या तसबिरींना लावता आल्या असत्या, तरी नेल्या तेव्हा बरं वाटलं.

नवीन काच जिन्यानं वर आणली आणि तीन तारखेला दुपारी बसली. मी आधी कोपरा बघितला. छाप होती. मग गॉगल लावला. ठिपके होते. त्या छापेला मी हळदीकुंकू लावलं. हे म्हणाले, "आता काचेची ओटी भरतेस का?" भरलीही असती.

काल बोरन्हाण झालं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावर मुकुट, तो तिनं लगेच काढून चाटला. इमारतीतली पोरं जमली. बोरं, उसाचे करवे, हरभरे, चुरमुरे, रेवड्या, सगळं एकत्र करून नम्रतानं तिच्या डोक्यावरून ओतलं. ताई, ते दाणे तिच्या केसांवरून, खांद्यांवरून, मांडीत उड्या मारत होते, ती हसत होती, आणि मला तिथं तुम्ही दिसलात. सुपापाशी बसलेल्या. माझे डोळे भरून आले. मथुराबाईंना वाटलं, आनंदानं. आनंदानंच होते.

पोरं लुटायला लोळली. आरडाओरडा झाला. त्या गर्दीतून स्पृहा उठली. आजपर्यंत ती धरल्याशिवाय चालली नव्हती. काल तिनं काही धरलं नाही. सूर्य पश्चिमेला होता, समोरच्या इमारतीवर त्याचं सोनं पडलं होतं, ते तिला दिसलं असावं. पावलं टाकत, डुलत, थेट खिडकीकडं गेली. नम्रता "अगं!" म्हणाली, योगेश हातातलं ताट टाकून निघाला, पण कुणाचा हात पोचायच्या आत तिचा तोल गेला आणि कपाळ आणि दोन्ही तळवे एकदम काचेवर आपटले.

काच नुसती घुमली. लांबवर कुणी मृदंगावर थाप मारावी तशी.

स्पृहा जरा थांबली. तिला तो आवाज आवडला. हसली आणि दोन्ही हातांनी पुन्हा थाप मारली.

मी हात जोडले. देव पाठीमागं स्वयंपाकघरात होते आणि पोरगी समोर होती. नमस्कार कुणाला केला, ते मला खरंच सांगता येणार नाही.

तुमची,
वेणू